बाटलीतलं पाणी अमरावतीचं होतं

हबीबचाचा, तुम्ही गेल्याला तीन आठवडे झाले. दुकानाचं शटर खाली आहे आणि त्यावर कुणीतरी कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवून मोकळं झालंय. तुम्ही असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. मी ती नखानं खरवडायला गेले, अर्धीच निघाली. आतले मासे चाचींनी ओळखीच्या गिऱ्हाइकांना वाटून दिले. माझ्या वाट्याला दोन काळ्या मॉली आल्या आणि त्यांच्यासोबत, न मागता, सात-आठ गोगलगायी. गोगलगायींवरून आपलं भांडण किती वर्षांचं! मी म्हणायची काढून टाका, तुम्ही म्हणायचात, "राहू दे वं, तुह्या टाकीचा झाडू-पोछा त्याच तं करून राहिल्या." आता त्या काचेवरून फिरतात आणि मी त्यांना हात लावत नाही. तुमच्याशी वाद घालण्यात जी मजा होती ती एकटीला येत नाही.

पण गोगलगायींचं निमित्त पुरे झालं. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. सहा वर्षांपूर्वी सांगितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही ओरडला असतात, मी रडले असते, तुम्ही चहा मागवला असता आणि विषय संपला असता. तेव्हा सांगितली नाही, म्हणून आता लिहिते आहे.

लग्न होऊन मी अमरावतीची अकोल्याला आले ती शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये. तिथे नळ पोचला नव्हता. बोअर होती आणि तिचं पाणी इतकं खारं की बादलीच्या कडेला पांढरी खपली धरायची, केस धुतले की फड्यासारखे व्हायचे आणि तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळी राहायची. खारपाणपट्ट्यातल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मला फार वाटायचं. नवरा चांगला होता, शाळेतली नोकरी लागली होती, तक्रार करायला तोंड नव्हतं. आणि तोंड नसलं की माणूस भलत्याच गोष्टीचा हट्ट धरतो. माझा हट्ट होता निऑन टेट्रा. अमरावतीला आमच्या दातांच्या डॉक्टरकडे एक टाकी होती, झाडांनी गच्च भरलेली, आणि त्यात ते नखाएवढे मासे फिरायचे. अंगावर एक निळी रेघ, तिच्याखाली लाल. दाढ काढायला गेलेली मी दाढ विसरून बघत बसायची. अकोल्याच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, ती निळी रेघ घरात आली की हे घर माझं होईल.

शाळा सुटल्यावर, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊनच तुमच्या दुकानात आले तर तुम्ही मासा दाखवायलाच तयार नाही! चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, "मास्तरीणबाई, घरी डाळ शिजते का?"

मला वाटलं, हा माणूस मासे विकतो की खानावळ चालवतो.

"हसून काहून राहिली? ज्या पाण्यात डाळ शिजत नाई त्या पाण्यात निऑन टिकत नाई. आधी घरच्या पाण्याची बाटली आन. मासा मी तुले नाई देत बेटा, तुह्या पाण्याले देतो."

तुमची ती पद्धतच होती. फळीवर बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी: कौलखेड, डाबकी रोड, गोरक्षण रोड, जठारपेठ. कुणाच्या वस्तीत कसलं पाणी येतं हे तुम्हाला तोंडपाठ. बाटलीत साबणाचा तुकडा टाकायचा, हलवायची आणि फेस किती बोटं चढतो ते बघायचं. फेस आला तर मऊ पाणी, टेट्रा घ्या. नाही आला तर मॉली, गप्पी घ्या, खाऱ्या-जड पाण्यातही त्यांचं छान चालतं. वर सगळ्यांना ऐकवायचात की आपल्याजवळ जे पाणी आहे त्याला साजेसा मासा निवडावा, माशाच्या हौसेपायी पाण्याशी मारामारी करू नये. आमच्या लेआउटची बाटली तेवढी फळीवर नव्हती, कारण लेआउट नवा होता.

मला माझ्या बोअरचा निकाल न तपासताच माहीत होता. त्या शनिवारी मी माहेरी गेले आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरली. मी काही कट रचला नव्हता, चाचा. नळ सुरू केला, बाटली भरली, झाकण लावलं, इतकंच. आई म्हणाली, "पाणी काहून नेऊन राहिली वं अकोल्याले?" मी म्हटलं, बसमध्ये प्यायला. तिथूनच खोटं सुरू झालं.

तुम्ही बाटली हलवली. फेस गळ्यापर्यंत चढला. तुमचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर खरंच माझ्या घरच्या पाण्याचा अभिमान वाटला. "डाळ शिजते?" तुम्ही विचारलं. "शिजते," मी म्हटलं.

मग तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत, जसं काही सोन्याची खाण सापडली होती. तुमचे बडनेऱ्याचे दोस्त वानखडे, रेल्वेतून निवृत्त झालेले, दोन वर्षांपासून घरामागच्या अंधाऱ्या खोलीत पावसाचं साठवलेलं पाणी वापरून निऑनची पिल्लं काढायच्या खटपटीत होते. निऑनची अंडी उजेडात मरतात, साध्या पाण्यात मरतात, नुसतं बघितलं तरी मरतात की काय असं वाटावं इतकी नाजूक. आणि वानखड्यांना जमलं होतं. त्यांच्या पहिल्या पिल्लांमधले चौदा मासे ते स्वतः पॅसेंजरनं घेऊन आले, पिशवी मांडीवर धरून, वरून टॉवेल गुंडाळून. तुम्ही ते चौदाच्या चौदा मला दिलेत. "झुंडीतला मासा हाय," म्हणालात, "भावाभावात वाटणी नको."

बोअरचं पाणी त्यांना मारेल हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मला वाटलं होतं त्यांना सवय होईल. मला नव्हती का झाली? मीही अमरावतीहून येऊन त्याच बोअरच्या पाण्यानं केस धूत होते. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे राहिले. तिसऱ्या दिवशी निळी रेघ फिकी पडली. सहाव्या दिवशी टाकीत फक्त झाडं होती.

शेवटचा मासा स्टीलच्या डबीत घालून मी तुमच्याकडे आले. डोळे सुजले होते. तुम्ही डबी उघडून पाहिली, बोटानं त्याला हळूच उलटं केलं आणि विचारलं, "पाणी थेच होतं ना बेटा?" मी मान हलवली. दुसरी बाटली तुम्ही मागितली नाहीत. मागितली असती तर मी त्याच क्षणी बोलले असते, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. तुम्ही माझ्यासमोरच वानखड्यांना फोन लावलात. मला फक्त तुमची बाजू ऐकू येत होती. "बीमार माल देल्ला तू मले. पोरीच्या डोळ्यात पाणी हाय इकडं." मग बराच वेळ तुम्ही ऐकत होता. ते सांगत असतील की त्याच पिल्लांमधले त्यांच्या घरचे मासे ठणठणीत आहेत, येऊन बघ. आणि मग तुम्ही म्हणालात, "मंग काय माही मास्तरीण खोटं बोलून राहिली?" आणि फोन आपटलात.

चाचा, तुमची मास्तरीण खोटंच बोलत होती. तुमच्यापासून दोन हातांवर उभी राहून.

त्या फोननंतर तुम्ही वानखड्यांशी बोलला नाहीत. तीस वर्षांची दोस्ती. तुमच्याकडचा शिरखुर्मा ईदला बडनेऱ्याला जायचा, त्यांच्याकडची खीर बुद्धपौर्णिमेला अकोल्याला यायची. ते बंद झालं. आणि माझी मात्र दुकानात चढती कमान सुरू झाली. मी आले की तुम्ही खुर्ची पुसून द्यायचात आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगायचात, "बाकीचे लोक मासा मेला की भांडाले येते. हे पोट्टी चौदा मासे मेले तरी एक शब्द बोलली नाई मले." मी बोलले नव्हते हे खरंच होतं. मी का बोलले नाही ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

तुम्ही मला मासे पाळायला शिकवलंत ते त्यानंतर. टेट्राची भीती बसली म्हणून मी मॉली मागितल्या. आधी नवी झाडं लाव, महिनाभर नुसती झाडं बघ, ती जगली तर मासे जगतील, असं म्हणून तुम्ही मला महिनाभर रिकाम्या टाकीसमोर बसवलंत. मासा नवीन आणला की पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, मग वाटी वाटीनं टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं. "नव्या सुनेले पहिल्याच दिवशी भाकरी थापाले नाई लावत," हे तुमचं स्पष्टीकरण. माझ्या सासूबाईंसमोर हे बोलला नाहीत हे बरं. बोटभर पाणी बदलायचं, सगळं एकदम कधीच नाही. खायला चिमूटभर, आणि माशानं तोंड वासून मागितलं तरी चिमूटभरच. "मासा आन् नवरा, दोघंबी उपाशी असल्याचं नाटक करते," असंही म्हणायचात.

मॉली माझ्या बोअरच्या पाण्यात अशा माजल्या की दोन महिन्यांत टाकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पिल्लं डब्यात भरून तुमच्याकडे आणली तर तुम्ही भुवया चढवल्यात. "मऊ पाण्यात मॉली इतकी खूष कशी काय?" मी तेव्हा तोंड उघडलं होतं, चाचा. शब्द ओठावर होता. तेवढ्यात एक डॉक्टरसाहेब आले आणि त्यांना समुद्राची टाकी हवी होती, प्रवाळ वगैरे. त्यांना मुंबईच्या कुण्या मित्राकडे पाहून आलेली हौस. तुम्ही त्यांना बसवून घेतलंत आणि समजावलंत की प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जीव आहे, पाणी चार अंश तापलं की पांढरा पडतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात माणूस पांढरा पडतो. "डॉक्टरसाब, अकोल्यात जमिनीतच एवढं मीठ हाय, अजून समुद्र कायले आनता?" ते हसत हसत गप्पी घेऊन गेले. मीही हसत हसत घरी आले. शब्द ओठावरच राहिला.

उन्हाळ्यातले तुमचे फोन मला आता ऐकू येतात. दुपारी शाळेतून येऊन जेवायला बसले की फोन वाजायचा. "पंखा लावला का पाण्यावर? दिवा बंद हाय ना? बर्फ थेट टाकू नको वं, बाटलीत गोठव अन् बाटली सोड." मी वैतागून म्हणायची, चाचा, मी जेवते आहे. तुम्ही म्हणायचात, "जेव, जेव. झिंगे पाहून जेव." ते लाल झिंगे, तांदळाच्या दाण्याएवढे, तुम्ही मला नळ आल्यावर दिलेत. हो, दोन वर्षांनी आमच्या लेआउटला नळ आला. माझं खोटं सरकारी खर्चानं खरं झालं. त्यानंतरच मी तुम्हाला पहिल्यांदा घरी बोलावलं. तुम्ही आल्या आल्या नळाखाली ओंजळ धरलीत, चाखलंत आणि माझ्या नवऱ्याला म्हणालात, "नशीबवान हाय भाऊ तुमी, असं पाणी अर्ध्या अकोल्यात नाई." तो बिचारा हो हो म्हणाला. त्याला बाटलीचं काही ठाऊकच नव्हतं. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

आपला खरा न संपलेला वाद गोगलगायींचा नव्हताच. तो वानखड्यांचा होता. मी दर काही महिन्यांनी तो काढायची. म्हणायची, चाचा, एवढी जुनी दोस्ती, तुम्हीच फोन करा, कदाचित मासे आजारी नसतीलही, प्रवासात काही झालं असेल. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मला थोपटल्यासारखं म्हणायचात, "तू भली पोरगी हाय, म्हणून तुले असं वाटते. तू याच्यात नको पडू. त्यानं मले सांगाले पाहिजे होतं की मासे कच्चे हाय. दोस्तानं दोस्ताले खोटं नाई बोलावं." दुसऱ्याच्या दाराशी माझा गुन्हा ठेवून मीच मध्यस्थी करायची, आणि तुम्ही त्याला माझा चांगुलपणा समजायचात. याहून मोठी शिक्षा तुम्ही मला सगळं कळल्यावरही दिली नसती.

दवाखान्यात भेटायला आले तेव्हा ठरवून आले होते. रस्त्यानं वाक्यही जुळवलं होतं. तुम्ही बारीक झाला होता, नाकाला नळी होती, तरी मला बघून पहिला प्रश्न झिंग्यांचा. अंडी धरली का, कवच टाकलं का. मी सांगितलं, एका मादीच्या पोटाखाली अंडी आहेत, पिवळी पिवळी. तुमचे डोळे चमकले. पलंगाभोवती चार माणसं होती. मला वाटलं, या आनंदात आता कशाला? घरी आले की सांगू, दुकानात, चहासोबत, नेहमीसारखं. सहा वर्षं मी हेच करत आले होते. तुम्ही घरी आला नाहीत.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी नवऱ्यासोबत तुमच्याकडे आले. चाचींजवळ आत बसले. चाचींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुझं फार कौतुक होतं त्यांना. मी हात सोडवून घेतला नाही, पण तो हात माझा आहे असं वाटत नव्हतं. बाहेर आले तर फाटकापाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ माझ्या नवऱ्याशी बोलत उभे होते. आत यावं की नाही हे न ठरल्यासारखे, चपला घातलेल्याच. "मी बडनेऱ्याचा वानखडे," ते सांगत होते. "सहा साल झाले, फोन नाई उचलला त्यानं माहा. मी दर ईदले लावत होतो. म्या काय केलं होतं त्याचं? मासे देल्ले होते."

परत येताना गाडीवर मागे बसून मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी थांबवली नाही की मागे वळून पाहिलं नाही. घरी पोचल्यावर किल्ली खुंटीला लावत एवढंच म्हणाला, "बडनेऱ्याले जाऊन ये. माह्याजवळ सांगून काय होते?"

काल रविवारी गेले. मासेवाले वानखडे म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं थेट दार दाखवलं. अंगणात सिमेंटच्या टाक्या, वर जुन्या साड्यांची सावली. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि मला माझी खोड माहीत आहे. मी उभ्यानंच सांगितलं. बाटली कुठे भरली, तुमच्याशी काय खोटं बोलले, टाकीत कोणतं पाणी होतं, सगळं.

"बोअरचं पाणी?" त्यांनी विचारलं. "खारं?"

"हो."

"त्या पाण्यात माहे पोरं सहा दिवस राहिले?" मग अचानक वळून त्यांनी घरात हाक मारली, "अवं सुमन! भाईर ये! मासे चांगले होते आपले! बीमार नोते!"

त्यांची बायको कणकेच्या हातानं बाहेर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला सरळ विचारलं, "हे सांगाले सहा साल लागले तुमाले? ह्यायनं त्यानंतर निऑन काढले नाईत. थे खोली उघडली नाई."

"राहू दे वं," वानखडे म्हणाले. "आली तं खरी." त्यांचा चेहरा अजून उजळलेलाच होता, जसा बाटलीचा फेस बघून तुमचा उजळला होता. मग तो हळूहळू बदलला. त्यांनी टाकीच्या कठड्याला हात टेकला आणि विचारलं, "हबीबले सांगतलं होतं का तुमी हे?"

मी नाही म्हटलं.

ते खाली बसले. पंच्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. "मंग थो माह्यावर राग धरूनच गेला," ते म्हणाले.

माफी मागायला मी हे लिहीत नाही, चाचा. तुम्ही ती लगेच दिली असती हेही मला ठाऊक आहे आणि त्याचीच जास्त लाज वाटते. तुमच्याजवळ एकच मागणं आहे. तुम्ही जिथे असाल तिथे वानखड्यांवरचा राग सोडा. तो राग त्यांचा कधीच नव्हता. माझा आहे, मला द्या.